बाबासाहेबांचे 'राजगृह' : आधी गरजा, मग भिंती



आपल्या स्मरणिकेत राणीसाहेबांवर एक तरी लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाचा तो मानच आहे. या वर्षी संपादक मंडळाने मला लिहिण्याचा आग्रह केला तेव्हा मी आधी हात जोडले. मी रेल्वेच्या बांधकाम विभागातला डिप्लोमा इंजिनिअर. क्वार्टरची गळकी छपरे, तुंबलेल्या मोऱ्या आणि ठेकेदारांची बिले यांत माझी वीसेक वर्षे गेली. चरित्र लिहिणे हे काही माझे काम नव्हे. पण स्वतःचे घर बांधायला काढले आणि त्या निमित्ताने एका थोर पुरुषाचे चरित्र मी वेगळ्याच नजरेने वाचले. त्याबद्दलच चार शब्द लिहितो. गोड मानून घ्यावे.

हे थोर पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्या झाशी स्टेशनावर मालवा एक्स्प्रेस रोज येते. तिच्या डब्यांवर 'डॉ. आंबेडकर नगर' अशी पाटी असते. हे डॉ. आंबेडकर नगर म्हणजे इंदूरजवळचे महू. तिथल्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातले आंबडवे. म्हणजे महाराष्ट्राबाहेर नोकरीच्या ठिकाणी, सरकारी छावणीत जन्मलेले हे मराठी मूल. आपल्यापैकी किती जणांची मुले अशीच रेल्वे कॉलनीत जन्मली आहेत! त्यामुळे ती पाटी पाहिली की मला उगीचच जवळचे वाटते.

बाबासाहेबांनी राज्यघटना घडवली, महाडचे तळे मोकळे केले, नागपूरला धम्मदीक्षा घेतली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी मुंबईत स्वतःचे घर स्वतः विचार करून आखले आणि बांधले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. निदान मला तरी नव्हती.

माझा पहिला नकाशा

आधी थोडे घरचे सांगतो, म्हणजे हा विषय मला कसा सुचला ते कळेल.

माझे वडीलही रेल्वेतच होते. साऱ्या नोकरीत घराचा विषय निघाला की ते म्हणायचे, पुढे बघू. पुढे बघता बघता निवृत्ती आली. क्वार्टर सोडायची मुदत संपली आणि शहरात भाड्याने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घ्याव्या लागल्या. जिना असा, की एकेक पायरी चांगली नऊ-साडेनऊ इंच उंच आणि पाऊल ठेवायला जागा जेमतेम सात इंच. पावसाळ्यात एका संध्याकाळी आई त्या जिन्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, ती चालू लागली, पण जिना तिला कायमचा पारखा झाला. वडील गेले ते भाड्याच्या खोलीतच. आई आता आमच्याजवळ क्वार्टरमध्ये असते.

तेव्हाच ठरवले की आपण 'पुढे बघू' म्हणायचे नाही. झाशीतच एक छोटा प्लॉट घेतला आणि दोन संध्याकाळी बसून झोकात नकाशा काढला. इंजिनिअरच्या घरात नकाशासाठी दुसऱ्याला पैसे कशाला द्यायचे? पुढे मोठा हॉल, मागे स्वयंपाकघर, वर तीन बेडरूम, वर गच्ची. नकाशा टेबलावर पसरून मी सगळ्यांना बोलावले. सौ.ने तो शांतपणे पाहिला आणि विचारले, "अहो, आई झोपणार कुठे?"

मी गप्पच झालो. तिन्ही बेडरूम वर! ज्या जिन्याने आईचे पाय घेतले, तसाच जिना मी तिच्यासाठी नव्याने काढून ठेवला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आणि मी अभ्यास कुठे करायचा? हॉलमध्ये टीव्ही लागणार ना?" ती तेव्हा बारावीला होती आणि क्वार्टरच्या स्वयंपाकघरात रात्री ओट्याजवळ बसून अभ्यास करत होती. माझ्या नकाशात सोफ्याला जागा होती, डायनिंग टेबलाला जागा होती; घरातल्या माणसांना मात्र नव्हती.

तो नकाशा मी गुंडाळून कपाटावर टाकला. त्याच सुमारास धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र एका सहकाऱ्याकडून वाचायला आणले होते. वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांत भरली. या माणसाचे सारे आयुष्य म्हणजे जागेसाठीची झुंज आहे. डोके टेकायला जागा, अभ्यासाला जागा, पुस्तके ठेवायला जागा! म्हणूनच त्यांनी घर आखले तेव्हा ते माझ्यासारखे आखले नाही.

मसूर स्टेशनची रात्र

रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. साताऱ्यातच १८९६ मध्ये आई भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. घर सांभाळायला पांगळी मीराआत्या होती.

१९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगाव या ठिकाणी खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. नवे कपडे घालून मुले हौसेने आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पुणे-मिरज मार्गावरचे हे स्टेशन. तेव्हा तो मीटर गेज होता. पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, म्हणून घ्यायला कोणीच आले नाही. स्टेशन मास्तरांनी आधी चौकशी केली, पण मुले महार आहेत हे कळताच ते मागे सरले. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊन, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, तयार झाले. जवळ डबा होता पण पाणी कोणी देईना. रात्र जकात नाक्यावर तहानलेली काढावी लागली.

मी रेल्वेचा माणूस. स्टेशन म्हणजे वाटसरूचा हक्काचा निवारा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकतो. हा प्रसंग वाचला आणि मान खाली गेली. घराचे महत्त्व त्या दहा वर्षांच्या मुलाला त्या रात्री जसे कळले असेल, तसे आपल्याला वास्तुशास्त्राची शंभर पुस्तके वाचून कळायचे नाही.

एका खोलीतले विद्यापीठ

पुढे कुटुंब मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली मिळाली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, सरपण तिथेच, धूरही तिथेच. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कुलात जात. दोघांना एका वेळी पाय पसरायला जागा नाही. मग बापलेकांनी एक युक्ती काढली. मुलाने रात्री लवकर झोपायचे. वडील तोवर जागे राहायचे. पहाटे दोनच्या सुमारास ते मुलाला उठवायचे आणि त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. मुलगा रॉकेलच्या दिव्याजवळ बसून उजाडेपर्यंत वाचायचा. जवळच जाते आणि बांधलेली शेळी. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले ते असे.

आमच्या खात्यात शिफ्ट ड्यूटी असते. एका खोलीला शिफ्ट लावणारा बाप मी प्रथमच पाहिला. मला वाटते, घराच्या नकाशाचा पहिला धडा भीमरावांना इथेच मिळाला. जागा कमी असेल तर वेळ वाटून घ्यावी लागते. आणि झोपणारा व वाचणारा यांच्यामध्ये एक तरी भिंत हवी.

त्यानंतर १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी विद्यापीठाच्या वसतिगृहात, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. तिथे विटाळ नव्हता, दिव्याला तोटा नव्हता, ग्रंथालय हवे तेवढे. जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती महायुद्धाच्या धामधुमीत पाणतीराने बुडाली. पुस्तके समुद्रात गेली. पुस्तकांना सुरक्षित जागा नाही ही बोचणी त्यांना आयुष्यभर राहिली असेल, तर नवल नाही.

बडोद्यातले अकरा दिवस

शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला अधिकारी. पण शहरात त्यांना खोली मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. वरच्या मजल्यावर लहानशी झोपण्याची खोली, भोवती अडगळीने भरलेला मोठा ओसाड हॉल, रात्रीला एक कंदील. बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. मित्रांकडे विचारून पाहिले, दोन्हीकडे नकार मिळाला. मग कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

मंडळी, आपण बदलीवर नव्या गावी जातो तेव्हा आधी क्वार्टरची चौकशी करतो. क्वार्टर मिळायला दोन महिने लागले तरी आपण किती कुरकुर करतो! इथे विद्या होती, पद होते, पगार होता आणि तरीही एक खोली नव्हती.

चाळीतली दोन दालने

मुंबईत त्यांचे बिऱ्हाड परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करण्यासाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी अशा चाळी बांधल्या. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन छोट्या खोल्या. सुमारे वीस वर्षे हे त्यांचे घर. याच काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले. याच खोल्यांतून त्यांनी १९२७ चा महाडचा लढा आणि १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवला.

घरात माणसे किती! पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, थोरल्या भावाचे कुटुंब, शिवाय येणारे-जाणारे. रमाबाईंची चार मुले लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला तेव्हा बाबासाहेब खचून गेले होते. १९२७ मध्ये थोरले बंधू बाळारामही वारले.

अशा घरात लिहिणे-वाचणे होणार कसे? म्हणून परळला वेगळी कचेरी घेतली होती. ते बराच वेळ तिथेच असत. पण पुस्तके वाढतच होती. वकिलीत पैसा आला की आधी पुस्तक, मग बाकीचे. १९३० च्या सुमारास अशी वेळ आली की कचेरीतही पुस्तकांना जागा उरली नाही. घर बांधायचे ठरले ते या कारणाने. आपण घर बांधतो ते बहुधा चार लोकांनी बांधले म्हणून. त्यांनी बांधले ते गरज अंगावर आली म्हणून.

राजगृहाचा नकाशा

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी दोन प्लॉट घेतले. पाचव्या गल्लीतला १२९ क्रमांकाचा स्वतःच्या राहण्यासाठी आणि तिसऱ्या गल्लीतला ९९ क्रमांकाचा भाड्याने देण्याची इमारत बांधण्यासाठी. बँकेचे कर्ज काढले. राहत्या घराचे काम १९३१ मध्ये सुरू झाले, दुसऱ्या इमारतीचे १९३२ मध्ये आणि दोन्ही कामे १९३३ मध्ये पूर्ण झाली. राहत्या घराला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले, राजगृह. दुसऱ्या इमारतीचे नाव चार मिनार.

ही वर्षे लक्षात घ्या. १९३१ च्या अखेरीस दुसरी गोलमेज परिषद, १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार, त्याच वर्षी तिसरी गोलमेज परिषद. मालक लंडनला आणि इकडे वीट-चुन्याचे काम चालू! देखरेखीसाठी माणूस नेमला होता. पण साइटवर रोज उभे राहता येत नसेल तर नकाशा आधीच पक्का असावा लागतो. ऐन वेळी भिंत हलवायची मुभा राहत नाही. ठेकेदाराशी गाठ पडलेल्या प्रत्येकाला हे पटेल.

आता या घराची आखणी पाहा. तळमजल्यावर राहण्यासाठी तीन-तीन खोल्यांची दोन बिऱ्हाडे आणि वर ग्रंथालय व कचेरी. एवढेच. वाचायला दोन ओळी लागतात, पण एक इंजिनिअर म्हणून मला त्यात चार गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट म्हणजे माणसांचा वावर आणि अभ्यास यांची मजल्यांनी केलेली फाळणी. खाली संसार, मुलेबाळे, भांड्यांचा आवाज. वर शांतता. डबक चाळीत एक भिंत नव्हती म्हणून बापाला रात्री जागावे लागले. इथे मध्ये अख्खा स्लॅब आला.

दुसरी गोष्ट दोन बिऱ्हाडांची. तळमजल्यावर सहा खोल्यांचे एक मोठे घर सहज करता आले असते. तसे न करता तीन-तीन खोल्यांचे दोन भाग केले. मोठ्या कुटुंबात हे फार उपयोगी पडते. एक छप्पर, पण चूल हवी तर वेगळी. आज ना उद्या मुलगा मोठा होणार, घरात नवे माणूस येणार. माझ्या मते भविष्याचा विचार म्हणतात तो हाच.

तिसरी गोष्ट वजनाची. सामान्य वाचकाला वाटते की पुस्तकांना काय, कुठेही फळी ठोका. तसे नाही. आज आपल्याकडे जे भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५ चा दुसरा भाग, त्यात राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनाला मात्र साधारण ६०० किलो, म्हणजे तिप्पट, आणि मांडण्या २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहूनही जास्त. म्हणजे वरच्या मजल्यावर ग्रंथालय करायचे हे बांधकामाच्या आधीच ठरवावे लागते. घर बांधून झाल्यावर सुचून चालत नाही. या घरातला ग्रंथसंग्रह पुढे हजारोंनी वाढला. पन्नास हजारांवर ग्रंथ होते असे सांगतात. ज्याला उद्या किती वाढायचे आहे हे ठाऊक असते, तोच आज तेवढी जागा सोडतो.

चौथी गोष्ट पैशाची. दुसरी इमारत भाड्यासाठी होती. घर उभे राहिले की खर्च संपत नाही. कर, रंग, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते चालूच असतात. घराच्या जोडीला उत्पन्नाचा विचार करणे हाही नियोजनाचाच भाग. पुढे ९ मे १९४१ रोजी त्यांनी चार मिनार विकली. कर्ज फेडायचे होते आणि पुस्तकेही घ्यायची होती. राजगृह मात्र ठेवले. अडचणीच्या वेळी काय सोडायचे आणि काय राखायचे, हेही दोन प्लॉट वेगळे घेतल्यामुळे सोपे झाले.

या घरात हौसेचे असे काही नव्हते असे मी म्हणत नाही. दादरला कामानिमित्त गेलो असता मी मुद्दाम जाऊन आलो. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. इमारत सुबक आहे. पण तिथे उभे राहिल्यावर जाणवते की इथे आधी गरजा मांडल्या गेल्या आणि भिंती नंतर आल्या.

जे नकाशात बसत नाही

सगळेच मात्र नकाशाप्रमाणे होत नाही. ज्या रमाबाईंनी चाळीच्या दोन खोल्यांत चार मुलांचे मरण सोसले, नवरा परदेशी असताना घर रेटले, त्यांना राजगृह जेमतेम दोन वर्षे लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या याच घरात गेल्या. घर वेळेवर झाले नव्हते असे कसे म्हणावे? पण त्यांच्यापुरते ते उशिराच झाले. हे वाचताना मला माझे वडील आणि त्यांचे 'पुढे बघू' आठवले. बाबासाहेबांना आधी ऐपत नव्हती, माझ्या वडिलांनी चालढकल केली. कारणे वेगळी, पण घराची वाट पाहणाऱ्या माणसाला फरक पडत नाही.

त्यानंतर बाबासाहेबांचे कार्य वाढतच गेले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे, की केंद्रीय बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होते आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० मध्ये पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्या इमारतींच्या आखणीत त्यांनी स्वतः लक्ष घातले. स्वतःचे घर एकदा विचारपूर्वक आखलेला माणूस मुलांच्या वर्गखोल्यांकडेही त्याच नजरेने पाहतो.

दिल्लीत सरकारी बंगले मिळाले. कायदेमंत्री असताना हार्डिंग अव्हेन्यूवरच्या बंगल्यात १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच सविताबाई, माईसाहेब. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते २६ अलीपूर रोडवर राहू लागले. मधुमेह बळावला होता, पाय साथ देत नव्हते, चालताना कुणाचा तरी आधार लागे. तेव्हा ते दिल्लीत असल्यामुळे राजगृहाचा जिना रोज चढण्याची वेळ आली नाही. पण मनात येते, आली असती तर? चाळिशीत घर आखणाऱ्या माणसाला साठीतले पाय दिसत नाहीत. बाबासाहेबांसारख्या द्रष्ट्याच्या बाबतीत ही शंका येते, तर आपली काय कथा! हा माझा आपला इंजिनिअरचा तर्क, त्यात उणेपणा काढण्याचा हेतू नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला अलीपूर रोडच्या घरी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि ते आधी नेले राजगृहात. तिथूनच ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली. दादरच्या चौपाटीकडे जनसागर चालला होता. दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या झाशीवरूनही गाड्या भरभरून लोक तिकडे जातात, हे आपण फलाटावर पाहतोच. चैत्यभूमीबरोबर त्यांतले कित्येक राजगृहही पाहून येतात. पुस्तकांसाठी बांधलेले घर असे सर्वांचे झाले.

माझा दुसरा नकाशा

आता शेवटचे. मी कपाटावरचा नकाशा उघडलाच नाही. नवा कागद घेतला आणि त्यावर रेघ न ओढता आधी यादी केली. घरात कोण कोण आहे, दहा वर्षांनी कोण असेल, कोणाला काय लागेल. मग हे ठरले :

आईची खोली तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, न्हाणीघर व संडास लगत. दोन्ही दारे तीन फूट रुंद, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तरी अडणार नाही. उंबरे नाहीत. ती खोली आज आईची. वीस वर्षांनी ती आम्हा दोघांची होईल.

मुलीला अभ्यासाची खोली वर, टीव्हीपासून दूर. पुढे ती शिकायला किंवा सासरी गेली तर तीच खोली आल्या-गेल्यांना. वरच्या मजल्याला बाहेरून जिना काढता येईल अशी जागा सोडली आहे, म्हणजे गरज पडल्यास वेगळे बिऱ्हाड भाड्याने देता येईल. हे सरळसरळ राजगृहावरून उचलले आहे!

जिन्याची पायरी साडेसहा इंच उंच आणि अकरा इंच रुंद. कठडा दोन्ही बाजूंना. नियमाप्रमाणे राहत्या घरात उंची १९० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साडेसात इंचांपर्यंत चालते, पण नियमाला गुडघे नसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लू वाहते, म्हणून पश्चिमेला झोपायची खोली नाही. तिकडे जिना आणि कोठीची खोली ठेवली, म्हणजे दुपारचे ऊन त्यांनी सोसावे. हॉल मात्र पहिल्या नकाशातल्यापेक्षा चार फुटांनी लहान झाला. सोफा छोटा घेऊ.

भूमिपूजन झाले त्या दिवशी आईला खुर्चीवर बसवून प्लॉटवर नेले. चुन्याने आखलेल्या रेघांमध्ये तिची खुर्ची ठेवली आणि सांगितले, "आई, ही तुझी खोली." तिने इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, "खिडकी कुठे येणार रे?" जागा दाखवली. मग म्हणाली, "थोडी खाली घे, बसल्या बसल्या बाहेरचं दिसायला हवं." खिडकीची उंची तीन फुटांवरून दोन फुटांवर आणली. हे ना मला सुचले होते, ना कोणत्या मानकात लिहिले आहे.

तेव्हा मंडळी, आपल्यापैकी जे क्वार्टरमध्ये राहून 'पुढे बघू' म्हणत आहेत त्यांना हात जोडून विनंती आहे. नकाशा काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही, एकदा विचारा. आणि फार पुढे ढकलू नका. विघ्नहर्ता सर्वांना हक्काचे घर देवो.

गणपती बाप्पा मोरया!